अर्ज कोणाच्या टेबलावर आहे?

चिखलीच्या बसस्थानकाजवळ माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. सातबाऱ्यापासून पॅनकार्डापर्यंत सगळी कामं इथं होतात, पण कॉलेजं सुरू झाली की गर्दी असते ती शिष्यवृत्तीच्या पोरांची. अमडापूर, उंद्री, केळवद, मेरा बुद्रुक, तालुक्याच्या चारी बाजूंनी मुलं पाठीवर बॅग घेऊन येतात आणि दारातूनच सांगतात, "ताई, माझा फॉर्म रिजेक्ट झाला." मी लॉगिन करून बघते. बहुतेक वेळा तो रिजेक्ट झालेलाच नसतो. कुठल्या तरी टेबलावर एका कागदासाठी थांबलेला असतो, नाहीतर दुरुस्तीसाठी त्या मुलाकडेच परत आलेला असतो आणि त्याला त्याचा पत्ताच नसतो.

शिष्यवृत्ती आली नाही, कॉलेजची फी थकली, म्हणून दुसऱ्या वर्षाला गेलीच नाहीत अशी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांचं काम एका दुपारी झालं असतं. घरची सोयाबीन, बापाची मजुरी, भावाची शाळा हे सगळं सांभाळून जे पोर कॉलेजपर्यंत पोचलं, ते एका न उघडलेल्या लॉगिनपायी घरी बसावं, हे मला सहन होत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी अर्जाचा रस्ता समजून घ्या. महाराष्ट्रात बहुतेक सगळ्या शिष्यवृत्त्या २०१८ पासून महाडीबीटी या एकाच पोर्टलवर आहेत. मुलानं अर्ज भरला की तो थेट सरकारकडे जात नाही. पहिल्यांदा तो कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथं शिष्यवृत्तीचं काम बघणारा लिपिक कागद तपासतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनवरून मंजुरी होते आणि अर्ज पुढं विभागाकडे जातो. विभाग मात्र प्रत्येकाचा वेगळा. अनुसूचित जातीच्या मुलाचा अर्ज बुलढाण्याला समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जातो. ओबीसी, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींचा इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे. आदिवासी मुलाचा अकोल्याच्या प्रकल्प कार्यालयाकडे. खुल्या प्रवर्गातल्या मुलानं राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा, म्हणजे लोक ज्याला ईबीसी म्हणतात त्याचा, फॉर्म भरला असेल तर बीए-बीएस्सीवाल्याचा अमरावतीच्या उच्च शिक्षण सहसंचालकांकडे आणि इंजिनिअरिंगवाल्याचा तंत्रशिक्षणच्या विभागीय कार्यालयाकडे. एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या चार मित्रांचे अर्ज चार ठिकाणी असतात. "माझ्या मित्राचे पैसे आले, माझे काऊन नाही आले?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे.

म्हणून पैसे आले नाहीत की पहिला प्रश्न एकच विचारायचा: अर्ज आत्ता कोणाच्या टेबलावर आहे? लॉगिनमध्ये 'माझे अर्ज' उघडलं की ते दिसतं. कॉलेजच्या पातळीवर 'स्क्रुटिनी' दिसत असेल तर बुलढाण्याला भाडं खर्च करून जाण्यात अर्थ नाही, कॉलेजच्या खिडकीवर जा. विभागाच्या पातळीवर असेल तर कॉलेजच्या बाबूशी भांडून उपयोग नाही. 'सेंड बॅक' असेल तर अर्ज तुमच्याकडेच आहे, आणि त्याच्याखाली शेरा लिहिलेला असतो: उत्पन्नाचा दाखला जुना आहे, गुणपत्रिका वाचता येत नाही, गॅप सर्टिफिकेट जोडलेलं नाही. तेवढं दुरुस्त करून पुन्हा सबमिट करायचं. अट एकच, शेवटच्या तारखेच्या आत. पोर्टल मोबाईलवर मेसेज पाठवतं, पण तो नंबर बापाचा असतो, बाप पुण्याला कंपनीत असतो, आणि मेसेज तिथंच राहतो. आठवड्यातून एकदा स्वतः लॉगिन उघडून बघायची सवय लावली तर निम्मे अर्ज वाचतील, हे मी अनुभवानं सांगते.

पासवर्ड कॅफेवाल्याकडे ठेवू नका. माझ्याकडेसुद्धा ठेवू नका. स्वतःच्या वहीत लिहा. पासवर्ड हरवला म्हणून दुसऱ्या वर्षी नवीन प्रोफाइल काढणारी मुलं येतात, आणि मग एकाच मुलाचे दोन युजर आयडी होतात. पहिल्या वर्षीचा अर्ज एकात, दुसऱ्या वर्षीचा दुसऱ्यात. दुसऱ्या वर्षी अर्ज रिन्यूअलचा भरायचा असतो, आणि तो जुन्या प्रोफाइलमधूनच होतो.

आता सगळ्यांत जास्त पैसे जिथं हरवल्यासारखे वाटतात ती जागा: बँक. उंद्रीकडची एक मुलगी आईला घेऊन आली होती. बीएस्सीचं दुसरं वर्ष. पोर्टलवर रक्कम वितरित झाल्याचं दिसत होतं, पासबुकात मात्र एक रुपया नाही. कॉलेजनं सांगितलं बँकेत विचारा, बँकेनं सांगितलं कॉलेजात विचारा. मी आधारच्या संकेतस्थळावर तिचं 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं. तिथं तिच्या आत्ताच्या बँकेचं नावच नव्हतं, दुसऱ्याच बँकेचं होतं. आईला विचारलं, या बँकेत कधी खातं काढलं होतं का? ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "गणवेशाच्या पैशासाठी गुरुजींनी काढ्याले लावलं होतं मायं, पाचवीत." जिल्हा परिषद शाळेत असताना काढलेलं झिरो बॅलन्सचं खातं! घरच्या पेटीत पासबुक निघालं. पैसे त्याच खात्यात होते. खातं काढलं तेव्हा ती अज्ञान होती, म्हणून आता अठरा पूर्ण झाल्यावर नव्यानं केवायसी आणि सही द्यावी लागली, मग पैसे हातात पडले.

हे कशामुळे होतं ते नीट समजून घ्या. महाडीबीटीचे पैसे खातेक्रमांक बघून जात नाहीत, आधार क्रमांक बघून जातात. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे एनपीसीआयकडे, एक नोंद असते: या आधार क्रमांकाचे सरकारी पैसे अमुक बँकेत टाकायचे. एका आधारला एका वेळी एकच बँक, आणि ज्या बँकेत सर्वांत शेवटी संमती दिली ती. बँकेत खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली, म्हणजे आधार जोडलं, असं सगळे धरून चालतात. ती झाली ओळखीची कागदपत्रं. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, वेगळा संमतीअर्ज भरून द्यावा लागतो. बँकेत गेल्यावर "आधार लिंक करा" एवढंच म्हणू नका, "डीबीटीसाठी एनपीसीआयला सीडिंग करा" असं म्हणा, आणि चारआठ दिवसांनी संकेतस्थळावर बँकेचं नाव बदललं का ते स्वतः बघा.

आपल्याकडे आणखी एक भर पडली आहे. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. गावागावांतली खाती तिथंच आहेत, पण पासबुकावरचं नाव जुनं आहे. अशा वेळी सीडिंग एकदा तपासून घेतलेलं बरं. आणि कोणी सांगितलं की दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून खातं बंद पडलं, तर हे लक्षात ठेवा: शिष्यवृत्ती किंवा थेट लाभासाठी काढलेलं झिरो बॅलन्सचं खातं केवळ दोन वर्षं वापरलं नाही म्हणून निष्क्रिय ठरवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेत शांतपणे सांगा, लेखी अर्ज द्या.

आधारचीच दुसरी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, त्यानं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते इंग्रजी स्पेलिंगनं. ज्ञानेश्वर कोणी डी-एन-वाय असा लिहितो, कोणी जी-वाय असा. आधार काढणाऱ्यानं एक लिहिलं, शाळेनं दुसरं, बँकेनं तिसरं. माझा सल्ला असा, की दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा आणि बाकीचं सगळं तिच्याशी जुळवा, कारण तीच पुढं नोकरीपर्यंत लागते. पण घाई नको. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. दुरुस्तीचा अर्ज सबमिट करण्याआधी एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. मी तर मुलाला आणि त्याच्या आईला, दोघांनाही वाचायला लावते.

बोटाचे ठसे न जुळणं हीही नेहमीचीच तक्रार. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्यानं द्यावी लागते. पंधराव्या वर्षीची नोंद खेड्यातली बहुतेक मुलं देत नाहीत, आणि अकरावी-बारावीच्या वेळी सगळं अडतं. तसंच मोबाईलचं. आधारला जोडलेलं सिम रिचार्ज न केल्यानं बंद पडलं की ओटीपी येत नाही, आणि ओटीपी नाही तर काहीच नाही. आधार केंद्रावर जाऊन घरात कायम चालू राहणारा नंबर जोडून घ्या. बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुटीत हे उरकलं तर उत्तम.

उत्पन्नाच्या दाखल्यावर थोडं सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त अर्ज परत येतात ते याच कागदापायी. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अनुसूचित जातीच्या मुलांसाठी वर्षाला अडीच लाखांची मर्यादा आहे, शाहू महाराज योजनेला आठ लाखांची. दाखला तहसीलदारांचा लागतो, आणि त्याला आधार तलाठ्याच्या अहवालाचा, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांचा. एका वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो. गेल्या वर्षीचा दाखला चांगला लॅमिनेट करून आणणारी माणसं मी रोज बघते, त्यांना परत पाठवताना वाईट वाटतं. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक पोर्टलवर टाकावा लागतो, त्यामुळे क्रमांक चुकला किंवा दाखला दुसऱ्याच वर्षाचा असला तर गाडी तिथंच थांबते. आईचं आणि वडिलांचं मिळून उत्पन्न धरतात, एकट्या वडिलांचं नाही.

आणि तहसीलचा दाखला "पुढच्या आठवड्यात या, सर्व्हर डाऊन आहे" असं ऐकत महिनाभर थांबायची गरज नाही. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानं प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिली आहे, उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवसांची. अर्जाची पावती जपून ठेवा. मुदत उलटली तर प्रथम अपील करता येतं, तेही ऑनलाइन. अपील केलं की साहेब नाराज होतील, ही भीती मनातून काढून टाका. तो कायदा आपल्यासाठीच केला आहे.

फार्मसी, इंजिनिअरिंग, नर्सिंगला राखीव जागेवर जायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ते ऐन प्रवेशाच्या वेळी मिळत नाही. बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करायचा असतो. जात पडताळणी समिती बुलढाण्याला आहे. पुरावा ठरलेल्या तारखेच्या आधीचा हवा: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळतो. पण आजोबा शाळेतच गेले नसतील तर? आपल्या वऱ्हाडात तेव्हा गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवायचा, जातीसकट. ते कोतवाल बुक तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं आणि त्याची नक्कल मिळते. एका कुटुंबाला पणजोबाच्या मुलाच्या जन्माची अशी एक ओळ सापडली, "अमक्याला मुलगा झाला" एवढीच, नाव नाही, फक्त बापाचं नाव, जात आणि तारीख. नातं जोडणारी वंशावळ आणि शपथपत्र लावून तीच ओळ कामाला आली. म्हणून सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून करा: कोणत्या गावात जन्मलात, मामाचं गाव कोणतं, भावकीत कोणाची वैधता झाली आहे का. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात एकाची वैधता झाली असेल तर पुष्कळ सोपं होतं.

इथं थोडं थांबून एक सांगावंसं वाटतं. मुलं माझ्यासमोर अशी बसतात, जणू कोणाचे उपकार मागायला आली आहेत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढं ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. आज महाडीबीटीवर जी 'भारत सरकार मॅट्रिकोत्तर' दिसते, तिचं मूळ तिथं आहे. वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या योजनेला नाव आहे आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचं. हा पैसा हक्काचा आहे. खिडकीपुढं मान वर करून उभं राहा.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत एक बदल झाला आहे, तो घरोघरी कळायला हवा. केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, कॉलेजच्या फीसकट, आणि तोही वेगवेगळ्या हप्त्यांत. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की घरच्यांना वाटतं, पोराची शिष्यवृत्ती आली, बियाण्याची उधारी फेडू. त्यातला फीचा भाग कॉलेजचा असतो आणि तो सात दिवसांत भरायचा असतो. निर्वाह भत्ता तेवढा मुलाचा. तो बीए-बीएस्सीच्या मुलाला वसतिगृहात असेल तर वर्षाला ६,००० आणि घरून ये-जा करत असेल तर ३,००० रुपये आहे, इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या पदवीला १३,५०० आणि ७,०००. फॉर्ममध्ये 'वसतिगृह' वर चुकीची टिक गेली तर नुकसान होतं किंवा अर्ज परत येतो. फी भरल्याच्या पावतीचा मात्र फोटो काढून ठेवा, नाहीतर परीक्षेच्या वेळी हॉल तिकिटावरून वाद होतो.

मुलींबद्दल आनंदानं लिहिते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पूर्वी निम्मं होतं. चिखलीतच इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि "मुलीला एवढी फी कशी भरू" म्हणणारे बाप आता तिला पाठवायला तयार होताहेत, हे मी डोळ्यांनी पाहते आहे. पण माफी आपोआप होत नाही. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. खाजगी विद्यापीठांना आणि खाजगी अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही, आणि पुण्यातल्या जाहिराती ही गोष्ट ठळक छापत नाहीत. महाडीबीटीवर अर्ज दरवर्षी भरावाच लागतो. पात्र मुलीकडून प्रवेशाच्या वेळी माफ असलेली फी मागितली, तर शासन निर्णयाची प्रत दाखवून लेखी कारण मागा.

बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी वेगळ्या योजना आहेत, त्या धावत सांगते. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासींना स्वयम्, इतर मागासवर्गीयांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर बारावीत वरच्या २० पर्सेंटाइलमधल्या मुलांसाठी वर्षाला १२,००० रुपये आहेत, घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. बारावीला चांगले मार्क असूनही आपल्याकडची मुलं तिकडे अर्जच करत नाहीत. एवढ्यावरही भागलं नाही तर कर्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना विनातारण कर्ज आहे आणि आठ लाखांच्या आतल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत. कॉलेज त्या यादीत आहे का, ते प्रवेश घेण्याआधी बघा.

आणि पदवी झाल्यावर पुन्हा त्याच पातळीवरच्या दुसऱ्या पदवीला, म्हणजे बीएनंतर बीकॉमला, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. नोकरी नाही म्हणून घरी बसण्यापेक्षा काहीतरी शिकू, या विचारानं प्रवेश घेणाऱ्यांना हे फी भरायची वेळ आल्यावर कळतं.

आमच्या तालुक्यातल्या कॉलेजांकडे एक मागणी आहे. प्रत्येक कॉलेजच्या लॉगिनला परत आलेल्या अर्जांची यादी दिसते. ती दर सोमवारी मराठीत छापून सूचना फलकावर लावा: अर्ज क्रमांक, काय कमी आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं. नाव लावू नका, मुलं आपला क्रमांक ओळखतात. ऑक्टोबरात मुलं सोयाबीन सोंगायला घरी असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत अर्ज परत येत असतात, तेव्हा त्या आठवड्यांत वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावरही तीच यादी टाका. एका माणसाचं तासाभराचं काम आहे. कोणाला यादी काढायला मदत लागली तर मी माझं केंद्र बंद करून येईन.